बाई, तुमचं कोण ऐकत होतं?

बाई,

परवा आश्रमाच्या अंगणात तुमची शोकसभा झाली. सेक्रेटरीसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "वेणूबाई म्हणजे पोलाद होत्या. इतक्या दुःखी भगिनींची दुःखं त्यांनी ऐकली, पण स्वतः कधी हलल्या नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. मी सतरंजीवर पुढंच बसले होते, शेजारी आपली स्वयंपाकघरातली शांता. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं. मग 'गिरजाबाईंनी दोन शब्द बोलावेत' असं झालं. मी उठले, तुमच्या फोटोला हार घातला आणि परत येऊन बसले. मला जे बोलायचं होतं ते त्या मंडळींशी बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं.

तुम्ही पोलाद नव्हतात, बाई. हे मला पक्कं माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत होतं.

मी आश्रमात आले ती कापूस वेचणीच्या दिवसांत. मारेगावच्या पलीकडं आमचं खेडं. भावानं मला मोटरीनं यवतमाळला आणलं, फाटकाशी उभं केलं आणि पाणीसुद्धा न पिता परतीची मोटर पकडली. तो वाईट नव्हता, त्याला फक्त तिथं कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. तुम्ही फाटकाशी आलात. नाव विचारलं नाहीत, गाव विचारलं नाहीत. "जेवली काय?" एवढंच म्हणालात. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाच कळलं नव्हतं. तुम्ही ताट वाढलंत. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती.

बरेच दिवस मी कोणाशी बोलले नाही. खोलीचं दार कोणी लोटलं की मला घाम फुटायचा. रस्त्यानं गुरं गेली आणि त्यांचा वास आला की अंग ताठ व्हायचं. बाकीच्या बाया म्हणायच्या, हिले बाहेरचं लागलं आहे, हिले कोण्या जाणत्याले दाखवा. तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत आणि मलाही काही विचारलं नाहीत. दुपारची जेवणं आटोपली की मागच्या ओसरीत तुम्ही तुरीची डाळ निवडायला बसायचात आणि मला हाक मारायचात. समोर नाही, शेजारी बसवायचात. मधे सूप, दोघींची नजर डाळीवर. पुढं एकदा मी तुम्हाला याचं कारण विचारलं होतं, तेव्हा म्हणालात, "समोर बसवलं तं मानूस जबाब देते. बाजूले बसवलं तं बोलते."

एका दुपारी माझ्या तोंडून एक वाक्य निघालं. तुम्ही मान वर केली नाहीत. खडा उचलून बाजूला टाकलात आणि म्हणालात, "मंग?"

दुसऱ्या कोणी 'अगं बाई गं' म्हटलं असतं, पदर डोळ्याला लावला असता, नाहीतर झालं गेलं विसर म्हणून सांगितलं असतं. तुम्ही 'मंग?' म्हणालात. मी पुढचं वाक्य सांगितलं. थांबले की तुम्हीही थांबायचात, डाळीतलं बोट थांबायचं नाही. ते सगळं एका दुपारीत झालं नाही, त्याला पुष्कळ दुपारी लागल्या. शेवटचं सांगून झालं तेव्हा मी तिथंच ओसरीवर झोपले. जागी झाले तर अंगावर तुमचं लुगडं पांघरलेलं होतं आणि दिवस उतरत आला होता.

काय सांगितलं ते मी इथंही लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे.

त्यानंतर मी बरी होत गेले. आधी दार लोटलेलं चालू लागलं, मग कडी लावलेली. तुम्ही मला शिवणाच्या वर्गात बसवलंत, रात्रशाळेतून सातवीची परीक्षा द्यायला लावलीत. महाराष्ट्र झाला त्या सालात कमिटीनं मला शिवणबाई म्हणून ठेवलं, आणि काही दिवसांनी तुमची मदतनीस केलं. तोवर मी ओसरीची एकच बाजू पाहिली होती. तुमच्या शेजारी उभी राहू लागले तेव्हा दुसरी दिसली.

आलेली बाई सांगून मोकळी व्हायची, झोपायची, जेवायला मागायची. तुम्ही उठून न्हाणीत जायचात आणि राखेनं हात घासत बसायचात, जणू भांडी घासून आला आहात. त्या संध्याकाळी तुम्ही जेवायचा नाहीत. 'आज पोट जड आहे' म्हणायचात. पुढं पुढं ते पोट वरचेवर जड राहू लागलं. दूधवाला आपला साधा गरीब माणूस. तो फाटकाशी खाकरला तरी तुम्ही दचकायचात. एकदा त्याच्यावर इतक्या ओरडलात की तो किटली तिथंच टाकून गेला, आणि मग तुम्हीच त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलात. पुरुषाच्या पावलांचा आवाज कोणत्या बाईला कसा ऐकू येत असे हे तुम्ही ऐकलेलं होतं. ते आता तुम्हालाही तसंच ऐकू येत होतं.

पण हेही लिहायला हवं की तुम्ही काही सतत सुतकी तोंड करून बसणाऱ्या नव्हतात. उलट, अष्टचंग खेळताना तुमच्याइतकी लबाड बाई मी पाहिली नाही. कवड्या अशा टाकायचात की एखादी हमखास लुगड्याच्या निऱ्यांत जायची, आणि मग ती उताणी पडली की पालथी यावर तास गेला तरी तुमचं भांडण संपायचं नाही. बाजारात वांगी घेताना प्रत्येक वांगं कानाशी नेऊन दाबायचात. शांताला स्वयंपाकघरात घेऊ नये म्हणून कमिटीतले दोघं हटून बसले होते, कारण तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता आणि त्याआधी ते कोण होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. उद्यापासून मीच रांधीन. मले मिठाचा अंदाज नाही, तेवढं तुम्ही सांभाळून घ्या." त्यांनी तुमच्या हातची भाजी एकदा खाल्लेली होती. शांता दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

मी तुमच्याशी पहिल्यांदा वाद घातला तो या ऐकण्यावरूनच. म्हणाले, "बाई, खायला घालावं, अंगावर कपडा द्यावा, शिवण शिकवावं. प्रत्येकीचं मुळापासून कायले ऐकता?"

"तुहं ऐकलं नसतं तं?"

मी सुईत दोरा ओवू लागले.

"मी नागपूरच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा पाह्यलं," तुम्ही म्हणालात. "टाके घातले, जखम भरली, बाई घरी गेली. अन् घरी जाऊन भित्तीकडं तोंड करून बसली. जखम कुठी लागली ते डाक्टरले दिसते. काय झालं ते कोणीतरी एक वखत पुरं ऐका लागते."

"अन् ऐकणारीनं कोणाला सांगायचं?"

"कोणालेच नाही. ते तिचं असते."

हा वाद आपला पुढं कितीतरी वर्षं चालला.

मग मैना आली. दिग्रसकडच्या लमाणांच्या तांड्यावरची पोर, लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. मनगटाला चिंधी बांधलेली. ती तुम्ही सोडलीत आणि क्षणभर डोळे मिटलेत. तुम्ही नर्स होतात, तरी. मी मागं उभी होते, मला ते दिसलं. तिच्या बोलीत बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळं मैना स्वतःशीच पुटपुटायची. त्यातला 'याडी' एवढा एक शब्द आपल्याला कळायचा, याडी म्हणजे आई. तिची आई गेलेली होती. तुमच्या शेजारी ती बोलू लागली, पण त्याआधी तिनं मेलेल्या आईची आण घातली की यातलं एक अक्षर कोणापाशी जाणार नाही. तुम्ही आण घेतलीत.

काही महिन्यांनी तिचा नवरा, सासरा आणि तांड्याचा नाईक असे तिघं आले. कचेरीत सगळे बसले. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "वेणूबाई, नवरा चूक कबूल करतो आहे. नाईक स्वतः हमी देतात. आपलं काम संसार जोडण्याचं आहे, मोडण्याचं नाही."

"तिले पाठवू नका," तुम्ही म्हणालात.

"कारण सांगा."

"कारण आहे."

"तेच विचारतो आहे. काय कारण?"

तुम्ही दाराकडं पाहिलंत. मैना दाराशी उभी होती, तुमच्याकडं एकटक पाहत. तिला भीती वाटत होती ती तुम्ही काही बोलाल याची. मग सेक्रेटरीसाहेबांनी तिलाच विचारलं. ती खाली पाहून म्हणाली, "जाईन." आणि ती त्या तिघांबरोबर गेली.

त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते. "सांगितलं असतं तर त्यांनी तिला पाठवलं नसतं."

"त्या मानसांपुढं तिचं झाकलेलं मी उघडं करू? मंग ज्यानं तिले उघडं केलं त्याच्यात अन् माह्यात काय फरक राह्यला?"

"पण ती वाचली असती."

"ते तुले माहीत नाही. मलेही माहीत नाही."

तुम्ही हे शांतपणे म्हणालात. पण त्यानंतर बाजारात लमाणबाई दिसली की तुम्ही वांग्यांची पाटी सोडून तिच्यामागं जायचात. कोणत्या तांड्यावरची, मैना माहीत आहे काय, सुखी आहे काय. कोणाला माहीत नसायचं. दीड वर्ष असं गेलं आणि एक दिवस तुम्ही मला म्हणालात, "चाल, पाहून येऊ."

आपण दिग्रसपर्यंत मोटरीनं गेलो आणि पुढं बैलबंडीनं. तांड्यात शिरल्यावर पहिल्याच घराशी मैना दिसली. दारात उभी होती, कडेवर मूल. हात पांढऱ्या बांगड्यांनी झाकलेले, मनगट काही दिसत नव्हतं. तिची सासू आत चुलीशी होती. आपल्याला पाहून ती बाहेर आली आणि मैनेला तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. कोण आहेत या, असंच असणार.

मैनेनं तुमच्याकडं पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं, आणि आपल्याला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "कोण बाई? मी नाही वळखत."

माझ्या तोंडात शब्द आले होते. तुम्ही माझा हात दाबलात आणि सासूला म्हणालात, "चुकलो जी आम्ही. दुसऱ्या मैनेकडं चाललो होतो. पाणी भेटंल काय?"

सासूनं पाणी दिलं. तुम्ही दारात बसून सावकाश प्यालात, बाळाच्या गालाला बोट लावलंत, नाव विचारलंत. मैना घरात निघून गेली ती आपण निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परतीच्या बंडीत तुम्ही म्हणालात, "बरी आहे."

"भेलेली आहे," मी म्हणाले.

"लेकरू अंगानं चांगलं आहे. घर सारवलेलं आहे. सासूनं विचारलं त्यात राग नव्हता."

"तुम्हाले पाहून तिचा हात थरथरला."

"थरथरला नाही. पोरगं वजनदार आहे."

आपला हा दुसरा वाद, आणि तोही मिटायचा राहून गेला. मी आजही म्हणते की ती भ्यालेली होती. तुम्ही आज असतात तर म्हटलं असतं की बरी होती. दोन्ही खरं असेल, हे मला आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं. बंडी तांड्यापासून दूर आली. मग कपाशीच्या शेतांकडं पाहत तुम्ही म्हणालात, "मले नाही वळखलं हेच बरं झालं. ज्याच्यापाशी ठेवलं त्याले वळखलं, तं ठेवलेलं वापस घ्या लागते."

तुम्ही हे इतक्या समंजसपणे म्हणालात की मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण तुम्ही तिथंच मोडलात, बाई. दुसऱ्या दिवसापासून ओसरीत सूप घेऊन बसायचात आणि हात चालायचे नाहीत. एखादी बाई शेजारी येऊन बसली, तोंड उघडलं, की तुम्ही उठून आत जायचात. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं, टॉनिक दिलं, लोहाची इंजेक्शनं दिली, आणि डोक्याला ताण देऊ नका म्हणाले. ताण कसला ते त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. शेवटी तुमचे भाऊ येऊन तुम्हाला वणीला घेऊन गेले.

ते तिथं कोळशाच्या खाणीत कारकून. दोरीवरचं धुणं संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं म्हणून वहिनी कुरकुरायच्या, एवढं सोडलं तर घर आनंदी. भाऊ तुम्हाला जपायचे. पुतणीचं लग्न ठरलं होतं, त्या गडबडीत तुमचंही मन रमेल असं सगळ्यांना वाटलं. मीही लग्नाला आले. तुम्ही नवं लुगडं नेसून पुढं उभ्या होतात. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, नवऱ्या मुलानं हार घालायला हात पुढं केले, आणि तुम्ही गर्दीतून वाट काढत मांडवाबाहेर गेलात. मी मागं आले. तुम्ही रांजणाशी बसून ओकत होतात.

मी पाठीवर हात ठेवला. तुम्ही तोंड धुतलंत आणि म्हणालात, "पोरगा चांगला आहे. मले माहीत आहे तो चांगला आहे. मी त्याची आई पाह्यली, घर पाह्यलं. पण त्यानं हात समोर केले अन् मले तिचं मनगट दिसलं."

"मैनेचं?"

"कोणाकोणाचं सांगू?"

भावांना वाईट वाटलं. लग्नात विधवा बहिणीला पुढं उभं केलं म्हणून आधीच कोणी कोणी बोललं होतं, त्यात हे. ते तुमच्याशी काही दिवस नीट बोलले नाहीत. त्यांना खरं काय ते तुम्ही सांगितलं नाहीत, उन्हाचं झालं म्हणालात.

तुम्ही आश्रमात परत आलात तेव्हा म्हणालात, "घरी सारे मले हसव्याले पाह्यतात. इथी कोणी हसवत नाही, बरं वाटते." हे तुम्ही हसतच म्हणालात. पण तब्येत तशीच होती. नव्या बाया येत होत्या, गप्प राहत होत्या, आणि आपली ओसरी रिकामी होती.

त्या दिवसांत मी तुमचा पिच्छाच पुरवला. मला सांगा म्हणत राहिले. जे जे आत आहे ते काढून टाका, मी कोणाला बोलणार नाही. तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात, ते माहं नाही. मी म्हणाले, नावं घेऊ नका. तुम्ही म्हणालात, नाव नाही घेतलं तरी तू वळखशीन, इथल्याच तं आहेत साऱ्या.

मग एका दुपारी तुम्हीच मला ओसरीत बोलावलंत. सूप मधे होतं. खूप वेळ आपण नुसती डाळ निवडली. मग तुम्ही म्हणालात, "गिरजा, एकच सांगता येते मले तुले. तुहं सांगू?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. सगळ्या बायांच्या गोष्टींत माझ्यापुढं काढता येण्यासारखी एकच होती, ती माझी होती. ती सांगितल्यानं कोणाची आण मोडत नव्हती. पण त्यासाठी माझी परवानगी हवी होती, आणि तुम्ही ती मागत होतात.

नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा तो विषय काढला नसता. मी म्हणाले, "सांगा."

तुम्ही सांगू लागलात. गुरांचा तो कोठा, ती संध्याकाळ, बाहेरून लागलेली कडी. मी तुम्हाला सांगितलं होतं तसंच, माझ्याच शब्दांत. काही गोष्टी मी विसरले होते, त्या तुम्हाला आठवत होत्या. कोठ्यात एक आंधळी गाय होती आणि ती मधून मधून शिंग दावणीला घासायची, हे मी तुम्हाला सांगितलं होतं म्हणे. मला ते आता आठवत नव्हतं. तुम्हाला तो घासण्याचा आवाज झोपेत ऐकू यायचा. तुम्ही कधी आमचं गावही पाहिलं नव्हतं, बाई, आणि त्या कोठ्यात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा जाऊन आला होतात. मी त्यातून बाहेर पडून शिवण शिकले, सातवी झाले, आणि तुम्ही तिथंच.

तुम्ही मधेच थांबलात. बोट डाळीत थांबलं.

मी तुमच्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "मंग?"

तुम्ही पुढं बोललात. शेवटपर्यंत बोललात. बोलता बोलता रडू लागलात, आणि तशाच बोलत राहिलात. मला वाटलं होतं की मी मरेन. काही झालं नाही. ते माझंच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला त्या पोरीची दया आली. स्वतःची दया मला त्याआधी कधी आली नव्हती. सांगून संपलं तेव्हा तुम्ही ओसरीवर आडव्या झालात आणि झोपलात. मी तुमच्यावर पांघरूण घातलं आणि उरलेली डाळ निवडून ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्यात. आठवड्याभरानं ओसरीत परत बसू लागलात. मी खूश होते. मला वाटलं, वाट सापडली. पण पुन्हा तुम्हाला 'सांगा' म्हटलं तेव्हा म्हणालात, "तुहं झालं. बाकीच्या कोणत्या सांगू? त्या तुह्या नाहीत." तिथं तुम्ही तसूभर हलला नाहीत. म्हणजे एकच ओझं उतरलं, माझं. बाकीची सगळी तशीच राहिली, वर दर वर्षी नवी.

यंदा पोळा झाला त्या आठवड्यात तुम्ही दुपारी जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मला ते खोटं वाटत नाही.

बाया आल्या. कुठून कुठून आल्या, कोणी कळवलं देव जाणे. काहींबरोबर नवरे होते, पोरं होती. बहुतेक जणी काही न बोलता तुमच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि गेल्या. मैना आली नाही. म्हणजे निदान मी ओळखली नाही. एक बाई मला बाजूला घेऊन गेली. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याकडं राहून गेलेली, आता केस पिकलेले. दबकत म्हणाली, "बाईनं मरताखेपी कोणाले काही सांगून ठेवलं काय?"

"नाही," मी म्हणाले. "कोणाचं कोणाला सांगितलं नाही."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. दोन पावलं गेली आणि परत आली. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मंग आता माहं कोणालेच माहीत नाही," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

आता कमिटीनं तुमची जागा मला दिली आहे. मी शांताला विचारलं, तू माझ्याबरोबर ओसरीत बसशील काय. ती म्हणाली, स्वयंपाक कोण पाहील. म्हटलं, तो दुसरं कोणीही पाहील. तिनं विचार करायला एक दिवस घेतला आणि हो म्हणाली.

गेल्या आठवड्यात वणीकडून एक बाई आली आहे. बोलत नव्हती. काल ती आमच्या शेजारी बसली असताना तिचे ओठ हलले. ती काही बोलायच्या आधी मी तिला म्हणाले, "तुला सांगावंसं वाटलं तर आम्ही दोघी ऐकू. तुझं आम्हा दोघींतच राहील. पण आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल बोलू. नाहीतर आम्हाला झेपणार नाही. चालेल काय?"

ती विचारात पडली. मग शांताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "चालते."

एवढंच, बाई. विचारलं तर ती हो म्हणाली. तुम्ही विचारलं असतं तर कदाचित पुष्कळ जणी हो म्हणाल्या असत्या. कदाचित मैना नाही म्हणाली असती, आणि मग तिचं एकटीचं तुम्हाला सांभाळावं लागलं असतं. ते जमलं असतं तुम्हाला. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला विचारायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तुमच्या शेजारी दुसरी बाई बसवायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

दुपारी तिचं ऐकून झाल्यावर शांता आणि मी कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यानं दूरवर चालत गेलो आणि दिवे लागायच्या आत परत आलो. वाटेत शांता रडली, मी रडले. घरी येऊन दोघी पोटभर जेवलो.

तुम्ही सोसलंत तितकं मी सोसणार नाही, बाई. शांतालाही सोसू देणार नाही. रागावू नका.

तुमची
गिरजा